कोरड्या मुलखातील धबधबा : निघोजच्या रांजणखळग्यांची शालेय सहल

शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राथमिक शाळांपुढे वार्षिक सहलीचा विषय आला की बहुधा ठराविक नावेच पुढे येतात. रांजणगावचा गणपती, सिद्धटेक, शिवनेरी, फार तर सिंहगड. ही स्थळे पाहू नयेत असे कोणी म्हणणार नाही. तथापि धबधबा पाहावयाचा म्हटले की शिक्षकांची दृष्टी आपोआप पश्चिमेकडे, माळशेज, भीमाशंकर, लोणावळा यांकडे वळते. आणि आपल्या कोरड्या मुलखात असे काही असणे शक्य नाही, ही समजूत मुलांच्या मनात न सांगताच रुजते. वस्तुतः शिरूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर, शिरूर गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरांच्या टापूत, कुकडी नदीने काळ्या पाषाणात एक अरुंद घळ कोरली आहे. तिच्या दोन्ही अंगांना शेकडो रांजणखळगे आहेत, आणि पाणी असेल त्या दिवसांत नदी या घळीत उड्या घेत उतरते. दक्षिण तीरावर शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी, उत्तर तीरावर पारनेर तालुक्यातील निघोज. पारनेरचा जिल्हा २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणून ओळखला जाई, आता तो अहिल्यानगर होय. दोन्ही तीरांवर मळगंगा देवीची देवळे आहेत आणि परिसरातील लोक या स्थळास नुसते 'कुंड' म्हणतात.

वाहन थांबते तेथून कुंडापर्यंत चालावयाचे अंतर थोडे आहे. चढण नाही म्हटले तरी चालेल. तिसरी-चौथीच्या मुलांना ते सहज झेपते. हे स्थळ शालेय सहलीस सोयीचे आहे ते यामुळे, आणि धोक्याचे आहे तेही काही अंशी यामुळेच. कारण ज्या जागी पोचण्यास श्रम पडत नाहीत तेथे सावधपणाही कमी होतो. त्याचा विचार पुढे येईलच.

प्रथम पाण्याचा प्रश्न. ज्या भागात वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, उन्हाळ्यात काही गावांना टँकरची वाट पाहावी लागते, त्या भागात घट्ट पाषाण कापून काढणारी नदी आली कोठून? हा प्रश्न सहलीच्या आधी किमान आठवडाभर वर्गात विचारून ठेवावा आणि उत्तर लगेच सांगू नये. मुले अनेक उत्तरे देतील. काही म्हणतील, पूर्वी इकडे पुष्कळ पाऊस पडत असेल. काही म्हणतील, धरणातून. काही देवीचे नाव घेतील. सर्व उत्तरे फळ्यावर लिहावीत व तशीच राहू द्यावीत.

नंतर जिल्ह्याचा नकाशा उघडून कुकडीचा प्रवाह बोटाने उलट दिशेने शोधण्यास सांगावे. बोट पश्चिमेकडे सरकत सरकत जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या परिसरात पूर गावाजवळ कुकडेश्वरापाशी येऊन थांबते. तेथे सह्याद्रीचा कडा आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे या कड्याला अडतात, वर चढतात, वर चढताना थंड होतात आणि आपल्याजवळचे पाणी तेथेच ओतून टाकतात. कडा ओलांडून ते पूर्वेस उतरू लागले की पुन्हा तापतात व कोरडे होतात. निघोज ते नाणेघाट हे अंतर सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर असेल. एवढ्या अंतरात पावसाचे मान कित्येक पटींनी बदलते. शिरूर, दौंड, पारनेर, श्रीगोंदे हे तालुके या पर्जन्यछायेत वसले आहेत. तेव्हा कुकडीने जो पाषाण कापला तो मुख्यतः आपल्याकडील पावसाने नव्हे, घाटमाथ्यावरील पावसाने. नदी आपली असली तरी तिचे पाणी दूरच्या डोंगराचे आहे, हे एकदा नकाशावर दिसले की मुलांना भूगोलातील 'पर्जन्यछाया' हा शब्द पाठ करण्याची गरज उरत नाही.

कोरड्या प्रदेशात धबधबा असणे ही जगावेगळी गोष्ट नाही, हेही सांगावे. दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज नदी लेसोथोच्या पावसाळी पर्वतांत उगम पावते, पश्चिमेकडे निमवाळवंटी प्रदेशातून वाहत जाते आणि तेथे ऑग्रबीज येथे सुमारे ५६ मीटर खोल उडी घेते. कुकडीची कथा लहान प्रमाणावर तीच आहे. याउलट अमेरिकेतील डेथ व्हॅली या रुक्ष प्रदेशात डार्विन नावाचा एक छोटा धबधबा आहे. तो दूरच्या पावसावर नव्हे, तर भूगर्भातून येणाऱ्या झऱ्यावर बारमाही वाहतो. सुमारे दीड किलोमीटर चालून लोक तो पाहण्यास जातात. परंतु त्या पाण्यात उतरण्यास मनाई आहे, कारण खालच्या वस्तीचे पिण्याचे पाणी तेच. म्हणजे कोरड्या मुलखातील धबधब्यास पाणी दोन वाटांनी मिळू शकते, दूरच्या डोंगरावरून अथवा जमिनीच्या पोटातून. मुलांना विचारावे, आपल्या गावच्या विहिरीचे पाणी यांपैकी कोणत्या वाटेचे? या प्रश्नावर वरच्या वर्गांत एक संपूर्ण तास सहज जातो.

येथे दौंडकडील शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. मुठेच्या उजव्या कालव्याखालील गावांतील मुले लहानपणापासून उसाचे हिरवे फड पाहत वाढतात. आपण कोरड्या प्रदेशात राहतो हे त्यांना सांगूनही पटत नाही. शिरूर तालुक्यात चासकमानच्या कालव्याखालील मुलांचेही तसेच. त्यांच्या दृष्टीने पाणी म्हणजे कालवा आणि कालवा म्हणजे नेहमीचीच गोष्ट. अशा मुलांना कालव्यापासून दूर असलेले एखादे माळरान, तेथील बोरी-बाभळी, पिवळे पडलेले कुसळी गवत सहलीच्या वाटेवर मुद्दाम दाखवावे. चौफुल्याहून न्हावरे मार्गे शिरूरला जाताना कालव्याचे रान कोठे संपते व जिरायत कोठे सुरू होते याची नोंद गाडीच्या खिडकीतून करता येते. वहीत दोन रकाने पुरेत.

आता खडक. दख्खनचे पठार ज्या लाव्हारसाने बनले तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडला. तो एकदाच आला नाही. थरावर थर साचत गेले. प्रत्येक थराचा काही भाग घट्ट व एकजीव असतो, तर काही भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिल्याने तो सच्छिद्र असतो व त्या छिद्रांत पुढे पांढरे खनिज भरते. विहिरी खोदणारे लोक पहिल्यास काळा पाषाण म्हणतात, दुसऱ्यास पुष्कळ ठिकाणी मांजऱ्या म्हणतात. गावात विहीर खोदणारे कोणी वडीलधारे असतील तर त्यांना अर्धा तास शाळेत बोलवावे. खडकाचे थर त्यांनी पुस्तकात नव्हे, पहारीच्या टोकाशी ओळखलेले असतात, आणि या विषयावर त्यांच्याइतके नेमके बोलणारा दुसरा मिळणे कठीण.

घट्ट पाषाणावरून वाहणारी नदी त्याची माती करू शकत नाही. नुसते पाणी अशा खडकाला फारसे झिजवीत नाही. झिजविणारे हत्यार निराळे आहे, ते म्हणजे पाण्याबरोबर येणारी वाळू व गोटे. पुराच्या वेळी प्रवाह खडकाच्या एखाद्या भेगेवर, एखाद्या खाचेवर आला की तेथे भोवरा पडतो. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरू लागतात आणि ज्याप्रमाणे खलबत्त्यातील बत्ता खलाला झिजवितो त्याप्रमाणे त्या खाचेला घासू लागतात. खाच खोल झाली की भोवरा अधिक स्थिर होतो; त्यात पुढच्या पुराचे आणखी गोटे पडतात; जुने गोटे झिजून वाळू होऊन निघून जातात. असे अगणित पावसाळे गेले की खाचेचा खळगा, खळग्याचा रांजण होतो. तोंड लहान, पोट मोठे, तळ गोल. शेजारचे दोन रांजण वाढत वाढत एकमेकांस भिडले की मधली भिंत पडते व त्यांचा एक होतो. अशा अनेक भिंती पडत गेल्या म्हणजे खळग्यांच्या माळेची एक सलग घळ बनते. कुंडाजवळ उभे राहिले म्हणजे या क्रियेच्या सर्व अवस्था एकाच वेळी दिसतात. वाटीएवढी खाच, घागरीएवढा खळगा, पुरुषभर खोल रांजण, अर्धवट पडलेली भिंत, आणि शेवटी खाली काळोख्या पाण्याची घळ. एखादे रोपटे, झाड व ओंडका एकाच शेतात पाहावयास मिळावे तसे हे आहे.

'रांजण' हा शब्द आता मुलांना समजावून सांगावा लागतो, हेही खरे. घरोघर नळ व प्लास्टिकची टाकी आली. ओट्यात अर्धा पुरलेला मातीचा रांजण पाहिलेले मूल वर्गात एखादेच निघेल. आजीच्या घरी असेल त्याने त्याचे चित्र काढून आणावे. चित्र फळ्यावर लावले की नाव का पडले ते सांगावे लागणार नाही.

भोवऱ्याचा प्रयोग शाळेत करता येतो. पसरट पातेल्यात पाणी घ्यावे, तळाशी थोडी वाळू टाकावी आणि पळीने पाणी एकाच दिशेने गोल ढवळावे. ढवळणे थांबविले की वाळू पातेल्याच्या मध्यभागी गोळा होते. चहाच्या कपातील पत्तीही अशीच मध्ये जमते. फिरणारी वस्तू बाहेर फेकली जावी असे वाटते, मग ती आत का येते? कारण तळाशी घर्षणामुळे पाण्याची गती मंदावते व तेथील पाणी मध्याकडे सरकू लागते. ते वाळूला बरोबर घेऊन येते. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ साली नद्यांच्या वळणांविषयी लिहिताना हीच चहापत्ती उदाहरणादाखल घेतली होती. आता तेच पाणी जोराने ढवळून पाहावे. वाळू उसळून कडेला घासत फिरताना दिसेल. म्हणजे प्रवाह मंद असता गोटे तळाशी बसून राहतात, आणि पूर चढला की कडेला घासत फिरतात. अशा खळग्यांच्या तळाशी कधी कधी मध्यभागी उंचवटा राहिलेला आढळतो, त्याचे कारण मुलांनी पातेल्याकडे पाहूनच शोधावे.

प्रत्यक्ष स्थळी गणिताचा तासही घेता येईल. घळीपासून दूर, सपाट खडकावर, गुडघाभर खोलीचा एखादा कोरडा खळगा शिक्षकाने आधीच पाहून ठेवावा. मुलांनी दोऱ्याने त्याच्या तोंडाचा घेर मोजावा, काठीने व्यास मोजावा आणि घेराला व्यासाने भागावे. व्यास ६० सेंटिमीटर असेल तर घेर १८८ सेंटिमीटरांच्या जवळ येईल. भागाकार तीनपेक्षा किंचित अधिक. हेच तीन-चार खळग्यांवर केले व भागाकार जवळजवळ तोच आला म्हणजे 'पाय' हे चिन्ह पुस्तकातून उठून खडकावर येऊन बसते. सातवी-आठवीच्या मुलांनी पुढे जाऊन खळग्यात पाणी किती मावेल याचा अंदाज करावा. व्यास ६० व खोली ५० सेंटिमीटर धरल्यास, खळगा सरळ नळकांड्यासारखा आहे असे मानून, उत्तर सुमारे १४१ लिटर येते. पंधरा लिटरांचे नऊ हंडे भरून वर थोडे उरते. परंतु रांजणाचे पोट तोंडापेक्षा मोठे असते, मग खरे उत्तर यापेक्षा कमी की अधिक? हा प्रश्न एखादे वेळी गणितात मागे पडणारा मुलगाच चटकन सोडवितो, असा अनुभव आहे.

हे खळगे आशिया खंडात सर्वांत मोठे, जगात पहिले, अशी विशेषणे स्थळी ऐकू येतील. मुलांच्या वहीत ती उतरवून घेण्याची घाई करू नये. मोजलेला एक खळगा दहा विशेषणांहून मोलाचा असतो. दक्षिण आफ्रिकेत ब्लाइड नदीवरील बोर्क्स लक येथेही असे भव्य रांजणखळगे आहेत व तेथेही ते गोट्यांनीच कोरले आहेत. जगातील नद्या एकाच रीतीने काम करतात, हे अधिक लक्षात राहण्याजोगे आहे.

देवीच्या श्रद्धेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. चैत्रात येथे मळगंगेची मोठी यात्रा भरते. स्थळाशी निगडित कथा मुलांनी घरी ऐकलेल्या असतात. शिक्षकाने त्या खोडून काढण्याच्या भरीस पडू नये, आणि कथा हेच उत्तर असेही म्हणू नये. खळगा कसा झाला हे गोटा सांगतो. लोकांना ही जागा पवित्र का वाटली, हे कथा सांगते. कोरड्या मुलखात उन्हाळ्यातही जेथे खोल पाणी टिकते ती जागा लोकांनी देवीची मानली, यात आश्चर्य ते काय? मात्र यात्रेच्या दिवसांत शाळेची सहल नेऊ नये. गर्दीत मुले सांभाळणे व खडक शिकविणे या दोन्ही गोष्टी एकदम होत नाहीत.

आता ज्या भागावर अधिक वेळ द्यावयाचा तो भाग, म्हणजे धोका. निघोजचा धबधबा आज निसर्गाच्या एकट्याच्या हातात नाही. कुकडीवर माणिकडोह व येडगाव येथे धरणे आहेत. घाटमाथ्याचे पाणी तेथे अडते व कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्याकडे जाते. धरणाखालील नदीपात्र त्यामुळे वर्षाचा बराच काळ कोरडे अथवा संथ दिसते. परंतु धरणे भरल्यावर जादा पाणी नदीत सोडले जाते. शिवाय पात्रातील कोल्हापुरी बंधारे भरण्यासाठीही आवर्तन सुटते. अशा वेळी शिरूरच्या आकाशात ढगाचा ठिपकाही नसतो. सकाळी वर दार उघडले तर पाणी कित्येक तासांनी खाली येते, आणि ज्या खडकावर मुले डबे सोडून बसली होती तो खडक पाण्याखाली जाऊ शकतो. आपल्याकडे पाऊस नाही म्हणजे नदी सुरक्षित आहे, ही समजूत पर्जन्यछायेतील माणसास सहज होते, आणि तीच येथे सर्वांत घातक आहे. ज्या नकाशावर मुलांनी बोट ठेवून नदीचा उगम शोधला तोच नकाशा येथे जीव वाचविण्यास उपयोगी पडतो.

यास्तव सहलीच्या आदल्या दिवशी व पुन्हा त्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी जलसंपदा विभागाच्या नजीकच्या कार्यालयात विचारणा करावी की कुकडीच्या पात्रात विसर्ग चालू आहे काय अथवा होणार आहे काय. निघोज किंवा टाकळी हाजी येथील शाळेच्या मुख्याध्यापकांना दूरध्वनी केल्यास नदीची प्रत्यक्ष स्थिती कळते. एका शाळेने दुसऱ्या शाळेस एवढे साहाय्य आनंदाने करावे. विसर्गाचे आकडे वृत्तपत्रांत क्युसेकमध्ये येतात व पुष्कळांस त्यांचा अर्थबोध होत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, म्हणजे सुमारे २८.३ लिटर पाणी. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदास सुमारे अठ्ठावीस हजार लिटर. दहा हजार लिटरांचे जवळजवळ तीन टँकर, आणि ते दर सेकंदास. टँकरभोवती हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या मुलांना ही तुलना सांगितली म्हणजे 'लहान विसर्ग' हा शब्द किती फसवा आहे ते उमगते. विसर्ग चालू असेल तर धबधबा मोठा दिसेल हे खरे, परंतु अशा दिवशी मुलांना खडकावर उतरवू नये. घळ पाण्याने भरलेली असता ती दुरूनच पाहावी.

दुसरा धोका कुंडातील स्थिर पाण्याचा. पोहता येणारी माणसेसुद्धा अशा जागी बुडतात. त्याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते आणि म्हणून 'मला पोहता येते' एवढ्यावर मोठी मुले, कधी कधी पालकही, पाण्यात उतरू पाहतात. रांजणाच्या भिंती घासून गुळगुळीत झालेल्या असतात. हातास पकड नाही, पायास कंगोरा नाही. पोट मोठे व तोंड लहान असल्याने वर यावे तो डोके खडकाखाली लागते. तळाशी शेजारच्या खळग्यांची भोके असतात, त्यांतून पाणी ओढ घेते. जेथे धबधबा पडतो तेथे पाण्यात हवा मिसळून फेस झालेला असतो. फेसाळ पाणी हलके असते व माणसास नेहमीसारखे वर तोलून धरीत नाही. ही चार कारणे मुलांना नीट समजावून सांगावीत. 'पाण्यात उतरू नका' या आज्ञेपेक्षा कारण समजलेले मूल अधिक भरवशाचे असते. विहिरीत पोहणाऱ्या आपल्या ग्रामीण मुलांना तर ही गोष्ट अवश्य सांगावी, कारण विहिरीस पायऱ्या असतात, दोर असतो, काठावर कोणी मोठे माणूस असते.

व्यवस्थेविषयी थोडेसे. पूर्वपरवानगी व पालकांची लेखी संमती नियमाप्रमाणे घ्यावीच. एका शिक्षकाकडे दहा-बारांहून अधिक मुले नसावीत. शिक्षक कमी पडत असतील तर शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांना बरोबर घ्यावे. शिक्षकांपैकी दोघांनी स्थळ आधी एकदा पाहून यावे, उभे राहण्याची जागा ठरवावी, दोन्ही तीर जोडणाऱ्या पायपुलाची अवस्था पाहावी. पुलावर एका वेळी थोडीच मुले, न धावता. घळीच्या काठापासून निदान दहा पावलांवर चुन्याची रेघ ओढून अथवा दोर धरून मर्यादा दाखवावी. सुती दोर व दोन माणसांनी तो धरून उभे राहणे याहून चांगला कठडा नाही. खडकावर शेवाळ असेल तेथे जाऊ नये. काळा खडक दुपारी फार तापतो, म्हणून सकाळी लवकर पोचावे व अकराच्या सुमारास सावलीत यावे. अनवाणी मूल असेल तर त्याच्या पायताणाची सोय शाळेने आधी करावी. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे.

सहलीस योग्य काळ सप्टेंबरअखेर ते डिसेंबर. जुलै-ऑगस्टात पुराचा भरवसा नाही. एप्रिल-मे मध्ये पाणी थोडे व ऊन असह्य. तथापि खळग्यांचे तळ तेव्हाच उघडे पडतात, हेही सांगितले पाहिजे. केवळ शिक्षकांचा एखादा गट उन्हाळ्याच्या सुटीत जाऊन आला तर त्यास पुष्कळ शिकावयास मिळेल.

चालण्यास अडचण असलेली मुले सहलीतून वगळली जातात, हा एक जुना दोष आहे. येथे वाट छोटी असल्यामुळे त्यांना देवळाच्या परिसरापर्यंत नेता येते. खडकाचा खडबडीत भाग त्यांना नको. परंतु मोजणीची वही सांभाळणे, दोऱ्यांची मापे लिहून घेणे, दोन्ही तीरांचे चित्र काढणे ही कामे त्यांनी बसल्या जागी करावीत. ती दुय्यम कामे नव्हेत. परतल्यावर वर्गाचा सारा अभ्यास त्याच वहीवर चालणार असतो.

खळग्यातील गोल गोटे मुलांना फार आवडतात व खिशात भरून आणावेसे वाटतात. ते आणू देऊ नयेत. प्रत्येक मुलाने एक गोटा हातात घ्यावा, त्याचा गुळगुळीतपणा पाहावा, शेतातील फुटक्या दगडाशी त्याची तुलना करावी आणि तो त्याच खळग्यात परत ठेवावा. पुढच्या पुरात त्याला काम आहे, एवढे सांगितले की मुले स्वतःहून परत ठेवतात.

परतल्यावर पूर्वी फळ्यावर लिहिलेली उत्तरे पुन्हा वाचावीत व मुलांनीच ती दुरुस्त करावीत. त्यानंतर नकाशा पुन्हा काढून बोट या वेळी खालच्या दिशेने न्यावे. कुकडी घोड नदीस मिळते. शिरूरला जुनी माणसे घोडनदी म्हणतात ते याच नदीवरून. घोड पुढे दौंड तालुक्याच्या सीमेवर भीमेस मिळते, भीमा कृष्णेस व कृष्णा बंगालच्या उपसागरास. म्हणजे निघोजच्या खळग्यात झिजलेली वाळू दौंडच्या मुलांच्या नदीत येते. दौंडच्या एखाद्या शाळेने भीमेकाठची मूठभर वाळू पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली पाहावी. काळे कण बहुतेक याच जातीच्या पाषाणाचे असतील.

ज्या शाळांना वाहनाचा खर्च झेपणार नाही त्यांनी मन खट्टू करू नये. दख्खनच्या पाषाणावरून वाहणाऱ्या पुष्कळशा ओढ्यांत, जेथे खडक उघडा पडला आहे व पाणी पायरीवरून खाली उतरते तेथे, वाटीएवढे, परातीएवढे खळगे आढळतात. दसऱ्यानंतर, ओढ्याचे पाणी ओसरले की, गुराखी मुलांना विचारावे. अशा जागा त्यांना ठाऊक असतात. खळग्यात गोटा सापडला तर त्या ओढ्यात अजून काम चालू आहे असे समजावे, दोऱ्याने घेर मोजावा, तारीख घालून वहीत नोंद करावी आणि पुढल्या वर्षीच्या वर्गाकडे ती वही सोपवावी.